विश्लेषण : अदिती, ओजसच्या हातातले ‘कंपाऊंड’ धनुष्य कुणी शोधले? त्याची देखभाल एवढी का करावी लागते?

बर्लिनमध्ये ५ ऑगस्ट २०२३ रोजी महाराष्ट्राचे दोन खेळाडू एकाच दिवशी तिरंदाजीचे जगज्जेते झाले. साताऱ्याची अदिती स्वामी तेव्हा १७ वर्षांची होती आणि नागपूरचा ओजस देवतळे २१ वर्षांचा. ओजसने अंतिम लढतीत १५० पैकी १५० गुण घेतले. या दोघांच्या हातातले धनुष्य मात्र रामायणाच्या चित्रांत दिसते तसे नव्हते. दोन्ही टोकांना चाके, मध्ये एकाऐवजी अनेक दोऱ्या, धातूचा मूठभाग, वर भिंग. एखाद्या यंत्राचा सुटा भाग वाटावा असा हा प्रकार. त्याला कंपाऊंड धनुष्य म्हणतात.

हे धनुष्य खेळासाठी जन्मलेले नाही. ते हरणाच्या शिकारीसाठी तयार झाले. त्यामुळे नगर-मनमाड रस्त्यावरच्या कोल्हारसारख्या प्रवराकाठच्या गावात बसून एखाद्या पालकाने मोबाइलवर या धनुष्याची माहिती शोधली, तर समोर येतात ते बहुतेक अमेरिकी शिकाऱ्यांसाठीचे सल्ले. शिकारीला कोणते कंपाऊंड न्यावे, कमी देखभालीचे कोणते, जंगलात बिघडले तर काय करावे, असे. आपल्याकडे शिकार हा गुन्हा आहे. पण ‘कमी देखभालीचे’ हा मुद्दा कोल्हारच्या पालकालाही तेवढाच लागू पडतो. तो कुठून आला, हे ज्या माणसाने हे यंत्र घडवले त्याच्या आयुष्यातून नीट कळते. त्याचे नाव हॉलिस विल्बर अ‍ॅलन.

हॉलिस अ‍ॅलन कोण होते?

अ‍ॅलन यांचा जन्म १९०९ चा. अमेरिकेच्या मध्यभागी असलेल्या मिझुरी राज्यात ते राहत. कंपाऊंड धनुष्याचा जन्म याच राज्यातल्या नॉर्थ कॅन्सस सिटीत झाला असे मानले जाते, आणि पुढे अ‍ॅलन यांचा धनुष्यांचा व्यवसाय बिलिंग्ज या छोट्या गावातून चालला. ते नामांकित तिरंदाज नव्हते. कुठल्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत किंवा शस्त्रांच्या कारखान्यात संशोधक म्हणूनही नव्हते. हाताने वस्तू करून पाहणारे, खटपटे गृहस्थ आणि धनुष्याने हरणाची शिकार करणारे शौकीन, एवढीच त्यांची ओळख होती. पन्नाशी उलटून गेल्यावर त्यांनी जे केले, त्याने हजारो वर्षांच्या एका हत्याराचे रूप बदलले.

मिझुरीत हरणांची शिकार हा सरकारी नियमांनी बांधलेला प्रकार आहे. बेसुमार शिकारीमुळे १९२५ च्या सुमारास राज्यभरात अवघी काही शे हरणे उरली होती. १९३८ मध्ये शिकार बंद करावी लागली आणि संख्या वाढल्यावर १९४४ मध्ये ठरावीक हंगामापुरती पुन्हा सुरू झाली. बंदुकीपेक्षा धनुष्याने शिकार करण्यात कस लागतो, असे मानणारा एक वर्ग तिथे होता. अ‍ॅलन त्यातले.

बाणाच्या आधी आवाज पोहोचतो, त्याचे काय?

अ‍ॅलन यांची अडचण धनुष्याने शिकार करणाऱ्या प्रत्येकाची होती. बाण सुटताना दोरीचा आवाज होतो. हरीण तो ऐकते, क्षणात अंग खाली चोरते आणि पळायला वळते. बाण पाठीवरून निघून जातो. त्याहून वाईट म्हणजे तो भलत्या जागी लागतो आणि जखमी जनावर दूर जाऊन तडफडत मरते.

यातले गणित साधे आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. त्या काळच्या साध्या धनुष्याचा बाण सेकंदाला ५० मीटरच्या आसपास. हरीण २० मीटरवर असेल तर आवाज ०.०६ सेकंदात पोहोचतो आणि बाणाला ०.४ सेकंद लागतात. मधल्या वेळात सावध जनावर हलते. म्हणजे बाण वेगवान हवा.

बाणाचा वेग वाढवायचा जुना मार्ग म्हणजे जास्त ताकदीचे धनुष्य. पण त्याला मर्यादा आहे. साधे धनुष्य जसजसे ओढावे तसतसे जड होत जाते. सर्वांत जास्त भार येतो तो दोरी गालापाशी आल्यावर, म्हणजे नेमका नेम धरायच्या क्षणी. ५० पौंडांचे धनुष्य असेल तर पूर्ण ओढल्यावर बोटांवर साडेबावीस किलोंचा भार असतो. साखरेची जवळजवळ अर्धी गोणी तीन बोटांवर तोलून धरायची, वर हात थरथरू द्यायचा नाही आणि हरीण नीट उभे राहीपर्यंत थांबायचे. माणूस घाई करतो, आणि नेम चुकतो.

अ‍ॅलन यांनी नेमके काय केले?

त्यांनी हा प्रश्न धनुष्य बनवणाऱ्या कारागिराच्या नजरेने पाहिला नाही. कारागीर म्हणाला असता की लाकूड बदला, थर बदला, वाक बदला. अ‍ॅलन यांनी विचार केला पुलींचा. विहिरीतून पाण्याची मोटार वर काढताना चेन-पुली लावतात, तेव्हा एकटा माणूस जड मोटार सहज उचलतो. दोरी जास्त ओढावी लागते, पण भार वाटला जातो. हेच तत्त्व धनुष्याला लावले तर?

धनुष्याची टोके करवतीने कापून तिथे पुली बसवण्यापासून या खटपटीची सुरुवात झाली, अशी हकिगत तिरंदाजीच्या इतिहासात सांगितली जाते. टोके तोडलेले धनुष्य म्हणजे जाणकारांच्या लेखी मोडलेले धनुष्य. पण टोकांऐवजी पुली आणि एका दोरीऐवजी उलटसुलट फिरवलेल्या केबल, अशी रचना झाल्यावर धनुष्याच्या आखूड, ताठ भुजाही वाकवता येऊ लागल्या. या भुजांत जास्त ऊर्जा साठवता येते.

खरी युक्ती मात्र पुलीत नव्हती. ती होती पुलीच्या भोकात.

भोक मधोमध नसेल तर काय होते?

पुलीचा आस मधोमध असेल तर ती कितीही फिरली तरी तिचा फायदा सारखाच राहतो. अ‍ॅलन यांनी आस मध्यापासून बाजूला घेतला. सायकलचे दात्यांचे चाक मधोमध न बसवता एका कडेला बसवले, तर पायडल मारताना कधी जड लागेल, कधी हलके. तसेच इथे होते. दोरी ओढायला लागल्यावर सुरुवातीला भार झपाट्याने वाढतो, मध्यावर शिखर गाठतो आणि चाक पुरते फिरल्यावर दोरीच्या बाजूची भुजा लांब होऊन भार एकदम उतरतो. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला कॅम शिकवतात, तोच हा.

परिणाम असा की ओढताना ताकद लागते, पण नेम धरताना धनुष्य हलके वाटते. या उताराला लेट-ऑफ म्हणतात. सुरुवातीच्या धनुष्यांत तो आजच्या मानाने बराच कमी होता. आज ८० टक्के आणि त्याहून जास्त मिळतो. म्हणजे ५० पौंडांचे धनुष्य पूर्ण ओढल्यावर हातात उरतात फक्त १० पौंड, साडेचार किलो. शिवाय मधल्या टप्प्यात भार जास्त काळ टिकत असल्याने एकूण साठणारी ऊर्जा वाढते आणि बाण वेगाने सुटतो. आजच्या चांगल्या धनुष्याचा बाण सेकंदाला ९० मीटर सहज गाठतो. २० मीटरचे ते ०.४ सेकंद आता ०.२२ वर आले आहेत.

अ‍ॅलन यांनी २३ जून १९६६ रोजी पेटंटसाठी अर्ज केला. अर्जातल्या नावात ‘कंपाऊंड’ हा शब्द नाही. ओढण्याचा जोर वाढवणारी जोडणी असलेले धनुष्य, अशा अर्थाचे लांबलचक नाव आहे. ३० डिसेंबर १९६९ रोजी पेटंट मिळाले. क्रमांक ३४८६४९५.

घरातले यंत्र बाजारात कसे आले?

कल्पना असणे वेगळे आणि रोज शेकडो बाण सोडूनही टिकेल असे धनुष्य बनवणे वेगळे. अ‍ॅलन यांनी आपले यंत्र दाखवले टॉम जेनिंग्ज यांना. जेनिंग्ज कॅलिफोर्नियातले धनुष्य बनवणारे जाणकार, तिरंदाजीच्या मासिकातून नव्या धनुष्यांची तांत्रिक परीक्षणे लिहिणारे. पहिले नमुने ओबडधोबड होते. पण बाणाचा वेग पाहिल्यावर यात काही तरी आहे, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी रचनेतल्या कच्च्या जागा दुरुस्त केल्या, लेखांतून माहिती दिली आणि अ‍ॅलन यांच्याकडून परवाना घेऊन उत्पादन सुरू केले. कंपाऊंड धनुष्याचे पहिले परवानाधारक उत्पादक म्हणून जेनिंग्ज यांचे नाव घेतले जाते. अ‍ॅलन यांनीही स्वतःची कंपनी काढली.

या जोडीला एकमेकांची गरज होती. एकाकडे यंत्र होते आणि दुसऱ्याकडे ते विकता येईल असा हात आणि शब्द. शोधांच्या गोष्टींत दुसरा माणूस बहुधा गाळला जातो. इथे तो गाळता येत नाही.

जुन्या तिरंदाजांना हे पसंत पडले नाही. चाके लावलेले धनुष्य धनुष्यच नाही, ही फसवणूक आहे, असा सूर होता. काही राज्यांत शिकारीसाठी त्याला सुरुवातीला परवानगीही नव्हती. हा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. साध्या धनुष्याला लागणारी अनेक वर्षांची साधना या यंत्राने काही महिन्यांवर आणली होती. पण ज्याला आठवडाभर नोकरी करून हंगामात चार दिवस जंगलात जायचे आहे, त्याला नेमके हेच हवे होते. सत्तरच्या दशकात एकामागून एक मोठ्या कंपन्यांनी परवाने घेतले आणि दशक संपता संपता अमेरिकी शिकाऱ्यांच्या हातातले साधे धनुष्य मागे पडू लागले.

मग देखभालीचा प्रश्न कुठून आला?

आपल्या भागातल्या भिल्लांचा तिरकमठा आठवा. बांबूची कामठी आणि दोरीही बांबूच्याच सालीची. बिघडले तर नवे करायचे, साहित्य रानात आहे. अ‍ॅलन यांच्या धनुष्यात मात्र पुली आली, आस आला, केबल आली, त्यांना अडकवायच्या कड्या आल्या. धनुष्याचे यंत्र झाले आणि यंत्राबरोबर येणारा सगळा व्याप आला.

सर्वांत त्रासदायक गोष्ट टायमिंगची. वरचे आणि खालचे चाक एकाच क्षणी, एकसारखे फिरले पाहिजे. एक केबल जराशी ताणली गेली की एक चाक आधी पोहोचते, दुसरे मागे राहते. बाण वर-खाली जायला लागतो आणि खेळाडूला वाटते, आपलाच हात चुकतो आहे. सुरुवातीच्या काही धनुष्यांत तर दोन मुख्य चाकांशिवाय आणखी लहान पुली असत. जितके फिरणारे भाग जास्त, तितक्या बिघाडाच्या जागा जास्त. केबल तेव्हा पोलादी असत. त्या झिजत, त्यांचे तार तुटत.

दुसरी अडचण कमी सांगितली जाते. साध्या धनुष्याची दोरी काम झाले की उतरवून ठेवता येते. कंपाऊंडची दोरी उतरवता येत नाही. ते खुंटीला टांगलेले असते तेव्हाही पूर्ण ताणात असते. दोरी बदलायची तर भुजा दाबून धरणारे खास यंत्र लागते, त्याला बो-प्रेस म्हणतात. ते नसताना घरी पाना घेऊन बसणे म्हणजे डोळा किंवा बोट गमावण्याची तयारी.

अ‍ॅलन यांच्या हयातीत हा व्याप मिटला नाही.

शोध लागला, मग कोर्टाची पायरी का चढावी लागली?

कल्पना एवढी सोपी होती की एकदा पाहिली की कुणालाही जमण्यासारखी. परवाना घेणारे होते, तसे न घेता बनवणारेही होते. घेतलेल्यांपैकी काहींशी पुढे वाद झाले. अ‍ॅलन यांच्या कंपनीचा खटला ज्यांच्याविरुद्ध उभा राहिला त्यांत ब्राउनिंग, प्रिसिजन शूटिंग इक्विपमेंट अशी बडी नावे होती. आणि त्यात जेनिंग्ज यांची कंपनीही होती. ज्याने ओबडधोबड नमुन्यातले सोने ओळखले त्याच्याच कंपनीशी कोर्टात समोरासमोर यावे लागले, ही या हकिगतीतली सर्वांत अप्रिय बाजू.

हे वाद पूर्ण मिटलेले अ‍ॅलन यांनी पाहिले नाहीत. १९७९ मध्ये रस्ते अपघातात त्यांचा मृत्यू झाला. ते सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. जेनिंग्ज यांच्या कंपनीविरुद्धच्या प्रकरणात अपील न्यायालयाचा निकाल आला १९८२ मध्ये. ब्राउनिंगविरुद्धच्या खटल्यात अमेरिकेच्या फेडरल अपील न्यायालयाने अ‍ॅलन यांचे पेटंट वैध असल्याचे आणि त्याचे उल्लंघन झाल्याचे मान्य केले, ते १९८७ मध्ये. तोपर्यंत अ‍ॅलन जाऊन आठ वर्षे झाली होती. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार पेटंटची मुदत मंजुरीपासून १७ वर्षे असे, म्हणजे तीही डिसेंबर १९८६ मध्ये संपली होती. भरपाईचा वाद त्यानंतरही १९९० पर्यंत चालला.

अ‍ॅलन यांच्यानंतर यंत्र कसे सुधारले?

पुढच्या सुधारणांकडे पाहिले तर बहुतेकांचा रोख दोन गोष्टींवर दिसतो : वेग वाढवणे आणि देखभाल कमी करणे. या दोन्ही एकाच वेळी मिळतात असे नाही, जाहिराती काहीही म्हणोत.

आधी जास्तीच्या पुली गेल्या आणि दोन चाकांची रचना रूढ झाली. पोलादी केबल जाऊन कृत्रिम धाग्यांच्या आल्या. सुरुवातीचे धागे हळूहळू लांबत, त्यामुळे टायमिंग बिघडे; नंतरच्या मिश्र धाग्यांत हे बरेच कमी झाले. १९९२ मध्ये अमेरिकेच्या मॅथ्यूज कंपनीने एकच कॅम असलेले धनुष्य आणले. खाली कॅम, वर साधे गोल चाक. जुळवायला दुसरा कॅमच नाही, त्यामुळे दोघांच्या टायमिंगचे भांडण संपले. २००५ च्या सुमारास बोटेक कंपनीने दोन्ही कॅम भुजांऐवजी एकमेकांनाच केबलने बांधले. या रचनेला बायनरी म्हणतात. एक कॅम फिरला की दुसऱ्याला त्याच्याबरोबर फिरावेच लागते. आज बाजारात दिसणारी अनेक धनुष्ये याच विचारावर आधारलेली आहेत.

पण या सगळ्यांच्या मुळाशी अ‍ॅलन यांचे ते बाजूला सरकवलेले भोक आहे. त्याला अजून कुणी बाद केलेले नाही.

शिकारीचे हत्यार खेळात कधी आले?

जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत कंपाऊंड प्रकार १९९५ मध्ये जकार्ता येथे आला. आशियाई क्रीडा स्पर्धेत २०१४ मध्ये इंचॉनला, आणि तिथे भारताच्या पुरुष संघाने सुवर्णपदक मिळवले. २०२३ मध्ये हांगझोऊला ओजसने एकट्याने तीन सुवर्णपदकांत वाटा उचलला. अदितीने सांघिक सुवर्णाबरोबर वैयक्तिक कांस्यही जिंकले. ऑलिम्पिकने मात्र या धनुष्याला बरीच वर्षे दारात उभे केले होते. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये प्रथमच कंपाऊंडची मिश्र सांघिक स्पर्धा होणार आहे. वैयक्तिक पदक अजूनही नाही.

स्पर्धेत कंपाऊंडचे अंतर ५० मीटर आणि धनुष्याचा जोर जास्तीत जास्त ६० पौंड. ऑलिम्पिकमधल्या रिकर्व्ह धनुष्याचे अंतर ७० मीटर. अ‍ॅलन यांना हरणाच्या अंगावरचा वीतभर भाग गाठायचा होता. इथे ८० सेंटिमीटर व्यासाच्या लक्ष्यपत्राच्या मध्यातले पिवळे वर्तुळ गाठायचे असते.

भारतात धनुष्याने शिकार करता येते का?

नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित वन्यप्राण्यांची शिकार हा गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. बंदूक नाही, साधे धनुष्य आहे, अशी पळवाटही नाही. या कायद्यात ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येतच धनुष्यबाणाचा उल्लेख आहे. शिकारीचा नुसता प्रयत्न केला तरी तो शिकारीतच धरला जातो.

प्रवराकाठी उसाचे फड आहेत आणि फडात बिबट्या असतो. अनेक ठिकाणी रानडुकरे पिकात घुसतात. राग येणे साहजिक आहे. पण पिकाचे नुकसान करणाऱ्या किंवा माणसाला धोकादायक ठरलेल्या प्राण्याचे काय करायचे, याचा निर्णय कायद्याने ठरवून दिलेल्या वनाधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीनेच होतो. परदेशी संकेतस्थळांवर ‘शिकारीसाठी सज्ज’ म्हणून विकला जाणारा संच इथे घेतला, तर तो लक्ष्यपत्रावरच वापरायचा. त्यातली पात्यांची टोके तर मागवूच नयेत. सरावाला साधे निमुळते टोक लागते.

कोल्हारसारख्या गावात घ्यायचे तर कोणते घ्यावे?

आधी हे पाहावे की कंपाऊंडच हवे का. मूल नवे असेल तर भारतीय प्रकार, म्हणजे इंडियन राउंडमध्ये वापरले जाणारे बांबू किंवा लाकडाचे धनुष्य, ही स्वस्त आणि बिनबोभाट सुरुवात आहे. त्याच्या राष्ट्रीय पातळीपर्यंत स्पर्धा होतात. स्पर्धेच्या दर्जाचे कंपाऊंड सगळ्या साहित्यासह लाखाच्या पुढे जाते आणि चुकीचे निघाले तर गावात ते दुरुस्त करणारा मिळत नाही.

हाच मुद्दा निवडीत सर्वांत वर ठेवायला हवा. बो-प्रेस आणि ते वापरणारा हात आपल्यापासून किती अंतरावर आहे? कोल्हारहून पुणे गाठायचे म्हटले तरी येण्याजाण्यात दिवस मोडतो. त्यामुळे जाहिरातीतला वेग थोडा कमी असला तरी चालेल, पण एक कॅमचे किंवा बायनरी रचनेचे धनुष्य घ्यावे, ज्याचे टायमिंग सहसा बिघडत नाही. ओढीची लांबी आणि जोर बो-प्रेस न लावता, साध्या चावीने बदलता येतात का, हे विचारावे. वाढत्या वयाच्या मुलासाठी हे फार महत्त्वाचे आहे, नाहीतर वर्षभरात धनुष्य लहान पडते. अतिवेगवान मॉडेलचे कॅम आक्रमक असतात, दोरीवर ताण जास्त टाकतात आणि नवख्याची लहानशी चूकही माफ करत नाहीत.

बाण टेकवायच्या आधाराचेही तसेच. बाण सुटताना खाली पडणारा आधार अचूक असतो, पण त्यात दोरी, स्प्रिंग असे हलते भाग असतात. सरावाच्या पहिल्या वर्षात चारही बाजूंनी बाण धरून ठेवणारा स्थिर आधार पुरतो. त्यात बिघडण्यासारखे जवळजवळ काही नाही. जोर मुलाच्या हौसेने ठरवू नये. बसून, पाय जमिनीवरून उचलून, धनुष्य वर आकाशाकडे न नेता सरळ ओढता आले पाहिजे. तसे जमत नसेल तर ते जड आहे.

घरी करायची देखभाल एवढीच की दोरीला दोन-तीन आठवड्यांनी मेण लावायचे, उन्हाळ्याच्या धुळीत त्याहून लवकर. मेण बोटाने घासून आत मुरवायचे, जास्तीचे पुसून टाकायचे. धनुष्य बंद गाडीत किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवायचे नाही. उष्णतेने भुजांचे थर सुटू शकतात आणि दोरी सैलावते. नवे धनुष्य जुळवून मिळाले त्याच दिवशी कॅम जिथे थांबतो तिथे भुजेवर बारीक पेनाने खूण करून ठेवावी. खूण सरकली की केबल लांबली, असे समजायचे आणि तज्ज्ञाकडे जायचे. बाण न लावता दोरी सोडायची नाही, गमतीनेही नाही. तसे केल्यास बाणाबरोबर जायची ऊर्जा भुजांत आणि कॅममध्ये परत येते आणि एका झटक्यात धनुष्य फुटू शकते. घरी पाहुणे आले की नेमके हेच घडते, म्हणून धनुष्य पेटीत बंद बरे.

जुने धनुष्य विकत घेताना कापसाचा बोळा बरोबर न्यावा. तो भुजांवरून, विशेषतः कडांवरून, हलकेच फिरवायचा. कुठे तंतू अडकला तर तिथे तडा आहे. असे धनुष्य कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये.